सरलं म्हणायचं राहिलं

सिंधी कॅम्पच्या स्टँडवर मी हरिद्वारच्या बसची चौकशी करायला गेलो, तिथून सांगतो. त्याआधीचं सांगण्यासारखं काही नाही.

मे महिना. जयपूरचं ऊन. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "बाबा, एसी?"

"साधी. खिडकी उघडणारी."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "गर्मी में मर जाओगे, बाबा."

"तू सुटायची वेळ सांग," मी म्हटलं.

त्याने सांगितली. रात्रभर हरिद्वार. तिथून ऋषिकेश. पहाटेची डोंगरातली बस जोशीमठला. पुढे शेअर जीप जाईल तिथपर्यंत जीप. त्यापुढे पाय. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं मला लिहून घ्यावं लागत नाही.

घरी आलो तर चंद्रकांत वाट बघत बसला होता. चंद्रकांत माझा मुलगा. इथल्या एका इस्पितळात हाडांचा डॉक्टर आहे. त्याच्या नोकरीपायी आम्ही साताऱ्याकडची माणसं इथे आलो, झालान्याच्या टेकड्यांच्या बाजूला राहतो.

"अण्णा, तुमचा गुडघा मी पाहिलाय. फोटोत. आतून."

"मी तो बाहेरून वापरतो."

सून हसली. तो हसला नाही. "जायचंच असेल तर विमानाने डेहराडूनला जा. पुढे मी गाडी करून देतो. बसने कशाला?"

"बसनेच जायचं ठरलंय."

"कुणाशी?"

कुणाशी ते त्याला माहीत होतं. लहानपणापासून ऐकत आला होता. तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगतो.

मी फौजेत खेचरांच्या तुकडीत होतो. वर बर्फातल्या ठाण्यांना रसद पोचवायची. एक माणूस, एक खेचर, असं रांगेने चालायचं. सर्जेराव माझ्या शेजारच्या गावचा. रांगेत त्याची जागा कायम शेवटची. म्हणायचा, "मागनं सगळी दिसत्यात. कोण चुकला, कोण लंगडतोय." त्याचं खेचर म्हातारं होतं, तेही त्याच्यासारखंच निवांत चालायचं.

वर धुकं आलं, वारा सुटला, की पुढचा माणूस हात वर करून थांबायचा आणि मागच्याला विचारायचा, "पीछे?" दुसऱ्याने मागे पाहायचं, मागचा माणूस असला तर "है" म्हणायचं, आणि तोच प्रश्न आपल्या मागच्याला विचारायचा. असं करत शेवटच्यापर्यंत. शेवटच्याच्या मागे कुणी नसतं. तो काय म्हणेल ते त्याचं त्याने ठरवायचं. सर्जेराव म्हणायचा, "सरलं." तो शब्द तोंडातोंडाने पुढे यायचा आणि तो आल्याशिवाय पुढचा पाऊल उचलायचा नाही. गढवालची पोरं, नेपाळची पोरं, सगळी "सरलं" शिकली होती. मागचा आहे हे मात्र ज्याने त्याने आपल्या बोलीत सांगायचं. नेपाळी "छ" म्हणायचे. आम्ही "हाय" म्हणायचो. सर्जेरावला "हाय" म्हणायची पाळी कधी आलीच नाही. त्याच्या मागे कुणी नसायचं.

रात्री शेगडीजवळ बसून तो म्हणायचा, "गड्या, पेन्शनीला गेलो की एकदा हितं यायचं. कुणाच्या हुकमानं न्हाई. ष्टँडावर जायचं, तिकीट काढायचं, खिडकीत बसायचं. लोकांवाणी." मी हो म्हटलं होतं.

एका हिवाळ्यात खिंडीवरून उतरताना वादळ झालं. ठाण्यावर पोचलो. पुढच्याने विचारलं, "पीछे?" उत्तरं येत गेली. सर्जेरावच्या पुढे चालणाऱ्या गड्याने मागे पाहिलं. तिथे माणूसही नव्हता आणि खेचरही नव्हतं. आम्ही तसेच उलटे फिरलो. बर्फाने जाऊ दिलं तोवर शोधलं, मग बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं. लगामाची कडीसुद्धा मिळाली नाही.

फौजेने कागद पुरे केले. त्याच्या बायकोला, गंगूबाईला, पेन्शन लागली. पण त्या रांगेचं "सरलं" कुणी म्हटलं नाही. दर वर्षी गावी गेलो की गंगूबाई विचारायची, "भावजी, कवा जाताय?" आधी नोकरी होती, मग संसार, मग बायकोचं आजारपण. यंदा गंगूबाईने विचारलं नाही. नुसतं पाहिलं. तेव्हा मी ठरवलं. त्या खिंडीखाली उभं राहायचं, तो शब्द म्हणायचा आणि परत यायचं. माझे पाय अजून एक उन्हाळा चालतील. पुढच्याची खात्री नाही.

एवढीच गोष्ट होती. सहल म्हणा, यात्रा म्हणा.

माझ्याबरोबर यायला तिघं तयार झाली. सून मीनाक्षी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तिला वरची फुलं बघायची होती. नात शमिका, कॉलेजात शिकते, जन्म जयपूरचा, मराठी अडखळत बोलते पण बोलते. आणि आमचे शेजारी दिनकर, नागपूरचे, झालान्याच्या एका ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांना जन्मात एकदा बर्फ हातात घ्यायचा होता.

चंद्रकांतने अट घातली. "आमेरचा तट चढून दाखवा. चौघांनी. बसने जा, बसने या. सगळे धड परत आलात तर तिकिटं काढा. काही झालं, तर या घरात डोंगराचं नाव निघणार नाही."

"मंजूर," मी म्हटलं. मी शब्द दिला की दिला.

तयारी सुरू केली. सकाळी झालान्याच्या रस्त्यांवर चालायचं. एकदा बसने कानोत्याला गेलो, धरणाच्या काठाने चाललो. सॅकमध्ये आट्याच्या पिशव्या भरल्या, पाठीला ओझ्याची सवय व्हावी म्हणून.

"काका, वर पोळ्या लाटत लाटत जायचं का जी?" दिनकर म्हणाले.

"श्वास चालायला ठेवा."

"बाप्पा! हे तर माझ्या साहेबापेक्षा कडक."

रांगेची रीत मी त्यांना शिकवली. पुढचा विचारणार, "मागचा?" मागे माणूस असेल तर "आहे." शेवटचा म्हणणार, "सरलं."

"सरलं मतलब?" शमिकाने विचारलं. "खतम?"

"संपलं. सगळे आले. आता पुढे चला."

"इतकं सगळं एका शब्दात?"

"हो."

मग ती म्हणाली, "आजोबा, शेवटी मी चालते. सर्जेराव आजोबांच्या जागी."

मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते सांगता आलं नसतं. जागा रिकामी होती, पोरगी धीट होती, पाय चांगले होते. मी "बरं" म्हटलं.

ठरल्या दिवशी उन्हं कलली तसे निघालो. बडी चौपडला बस बदलली. आमेरच्या बसमध्ये टोपल्या घेऊन चाललेल्या बायका होत्या. एकीने आमच्या सॅक बघून विचारलं, "कठै जार्या हो?" दिनकर म्हणाले, "हिमालय." सगळी बस हसली. कंडक्टर म्हणाला, "ताऊ, ये तो आमेर तक ही जाएगी."

महाल डाव्या हाताला ठेवून समोरच्या टेकडीवर चढलो. तिथे जुना तट डोंगराच्या कण्यावरून जातो. पायऱ्या उभ्या आहेत. वर दोन माणसं नीट चालतील एवढी वाट, दोन्ही बाजूंना कठडा, काही जागी कठडा पडलेला. दगडांतून दिवसभराची धग वर येत होती. खाली कुठेतरी मोर ओरडत होते. मी पुढे, माझ्यामागे मीनाक्षी, मग दिनकर, शेवटी शमिका. गुडघा दुखत होता. मी ते कुणाला कळू दिलं नाही.

प्रत्येक बुरुजाशी थांबून मी विचारत होतो.

"मागचा?"

"आहे."

"आहे."

"सरलं!" शमिका मोठ्याने म्हणायची. तिला मजा वाटत होती. तो शब्द तिच्या तोंडून ऐकला की माझ्या छातीत काहीतरी जागेवर बसल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या बुरुजाच्या अलीकडे आलो आणि मोर ओरडायचे थांबले.

आधी ते लक्षात आलं नाही. मग कावळे गेले. वारा पडला. घाम अंगावरच थांबला. मीनाक्षी हळू म्हणाली, "अण्णा, पश्चिमेला बघा."

पश्चिमेला आभाळ उरलं नव्हतं. जमिनीपासून वर, दिसेल तिथपर्यंत, पिवळी तांबूस भिंत उभी होती आणि ती चालत येत होती. आवाज नव्हता. मी जयपूरच्या आंध्या, धुळीची वादळं, पाहिली आहेत. घराची खिडकी लावून पाहिल्या आहेत. उघड्या डोंगरावर उभं राहून ती अंगावर येताना पाहिली नव्हती. इतकं मोठं काही हलताना मी फक्त वर बर्फात पाहिलं होतं. माणसाला अशा वेळी भीती वाटत नाही. आपण किती लहान आहोत, एवढंच दिसतं. टोपी काढावीशी वाटते.

पलीकडच्या टेकडीवरचा किल्ला गेला. मग महाल गेला. मग दरी भरली.

"सॅकचा पट्टा धरा," मी म्हटलं. "प्रत्येकाने पुढच्याचा. बुरुजात शिरू. सोडायचं नाही."

आणि ती आली.

अंधार झाला. संध्याकाळ अजून उरली होती, तरी झाला. तोंडात, नाकात, दातांत वाळू. वाऱ्याचा आवाज असा की कानावर कुणी हात दाबून ठेवावेत. मी कठड्याला हात घासत पुढे सरकत होतो. बुरूज समोरच होता. थोडीच पावलं. मग हाताखालचा कठडा संपला. बुरुजाचं दार आलं असावं, असं मला वाटलं. पाऊल उचललं.

तेवढ्यात सवयीने थांबलो. वळणावर विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. इतक्या वर्षांनीही अंग ते विसरलं नव्हतं. पाऊल मागे घेतलं.

"मागचा?"

"आहे," मीनाक्षी माझ्या कानाशी म्हणाली.

"आहे जी," दिनकर.

मग शमिकाचा आवाज आला. लांबून, वाऱ्यातून, पण स्वच्छ.

"आहे."

पोरगी घाबरून चुकली, असं मला वाटलं. मी ओरडणार होतो. पण तिने रीतीप्रमाणे पुढचं विचारलं. मागे वळून, मला कळेल असं.

"मागचा?"

आणि तिच्या मागून उत्तर आलं.

"हाय."

पुरुषाचा आवाज. निवांत. दिवसभर चालून आलेला. तो आवाज मी शेगडीजवळ रोज ऐकला होता. पण त्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नव्हता.

वाऱ्यात अचानक वास आला... ओल्या खेचराच्या अंगाचा, भिजलेल्या कातड्याचा. मी श्वास धरून उभा राहिलो. मनात म्हटलं, आता म्हण. सरलं म्हण, गड्या. तुझ्या मागे कुणी नाही.

पण त्याने आधीच "हाय" म्हटलं होतं. त्याच्या मागे कुणीतरी होतं.

"है," त्याच्या मागून आवाज आला. कोवळा, गढवाली पोराचा असावा.

"छ..."

"है..."

"छ..."

ते मागे मागे जात राहिलं. तटावरून, डोंगराच्या कण्यावरून, उतरत, चढत. काही बोली मला कळल्या. काही मी कधीच ऐकल्या नव्हत्या. आवाज बारीक होत गेले पण थांबले नाहीत. वारा ते बुडवत नव्हता. वारा जणू त्यांच्यासाठी जागा करून देत होता. कान जाईल तिथपर्यंत ते गेले आणि कान संपल्यावरही ते जात असावेत, असं वाटत राहिलं. मी इतकी वर्षं समजत होतो की एका माणसाची रांग उघडी राहिली आहे.

मी उभा राहिलो. शेवट आल्याशिवाय पुढच्याने पाऊल उचलायचं नसतं. गुडघा ठणकत होता, तरी उभा राहिलो. मीनाक्षीचा हात माझ्या पट्ट्यावर घट्ट होता.

किती वेळ, सांगता येणार नाही. वारा हळूहळू बसला. धूळ खाली उतरली. उजेड परत आला, तांबडा, आजारी.

माझ्या बुटाच्या पुढे वाट नव्हती.

बुरुजाचं दार नव्हतंच ते. तट तिथे कोसळून गेला होता. कठड्यासकट, वाटेसकट. खाली काटेरी झाडांनी भरलेली दरी आणि तिच्यात पडलेले तटाचेच दगड. एक पाऊल. आणि पट्टे धरलेले होते, म्हणजे चौघांचं एक पाऊल.

पुढच्या माणसाने मागे बघायचं नसतं. मी पाहिलं. मीनाक्षी, दिनकर, शमिका. त्यांच्या मागे तट, रिकामा, टेकडीवर चढत गेलेला. धूळ सगळीकडे सारखी बसली होती, कठड्यावर, दगडांवर, आमच्या डोक्यांवर. फक्त शमिकाच्या मागे, वाटेच्या मधोमध, बसली नव्हती. ती मोकळी पट्टी वाट दिसेल तिथपर्यंत गेली होती.

"शमिका," मी म्हटलं. "मागचा?"

तिने मागे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"आजोबा... आता दिसत नाही कोणी." मग म्हणाली, "पण मी सरलं नाही म्हणणार."

"तेव्हा आहे का म्हणालीस?"

"कोणीतरी सॅक धरली होती ना. तुम्हीच सांगितलं, मागे असेल तर आहे म्हणायचं. मग मी झूठ कसं बोलू?"

"भीती नाही वाटली?"

"हात थंड होता. खूप. पण ओढत नव्हते. फक्त धरून होते, जसं आपण धरतो." तिने पाठ माझ्याकडे केली. सॅकच्या मागच्या पट्ट्यावर ओला डाग होता, पंजाएवढा. जयपूरच्या मे महिन्यात, आंधीच्या कोरड्या धुळीत, ओला. मी बोट लावलं आणि काढून घेतलं. ती थंडी मला ओळखीची होती.

दिनकर कठड्याला टेकून खाली बसले होते. त्यांनी एकही विनोद केला नाही. उठताना एवढंच म्हणाले, "काका... किती जण होते जी?"

मी त्यांना हात दिला.

ज्या वाटेने आलो त्याच वाटेने उतरलो. त्या मोकळ्या पट्टीवर पाय न ठेवता, कडेकडेने. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

खाली बस उभी होती. आंधीत अडकलेली माणसं धावत धावत चढत होती, गर्दी झाली होती. आम्ही चढलो, शमिका शेवटी. कंडक्टर दारात उभा होता. ती चढली तरी त्याने दार सोडलं नाही. बाहेर बघत, हाताने आत बोलावत, तो म्हणत राहिला, "चलो, चलो, पीछे वाले भी... आगे बढ़ते जाओ." ड्रायव्हरने हॉर्न दिला. पुन्हा दिला. कंडक्टर दचकला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, कितने लोग हो तुम?"

"चार."

त्याने बाहेर पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे. आपला तळवा पँटला पुसला. "अच्छा," म्हणाला आणि बेल मारली.

बस दाटली होती. माणसं दांड्याला लोंबकळत उभी होती. शमिकाच्या मागच्या सीटा रिकाम्या होत्या. बडी चौपड येईपर्यंत तिथे कुणी बसलं नाही.

घरी चंद्रकांत दारातच होता. आमच्या अंगावरची धूळ बघून त्याचा चेहरा उतरला. मी लपवलं नसतं, पण मला बोलावं लागलं नाही. शमिकाने सगळं सांगितलं. आपल्या मोडक्या मराठीत, मधे हिंदी घालत, सगळं.

"आंधीत कानांवर दाब येतो," तो म्हणाला. "भास होतात."

"मलाही ऐकू आलं, चंद्रकांत," मीनाक्षी म्हणाली. "मी अण्णांच्या मागेच होते."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "अण्णा, आपलं ठरलं होतं. काही झालं तर डोंगराचं नाव काढायचं नाही."

"ठरलं होतं," मी म्हटलं. "नाही काढणार."

मी खुर्चीत बसलो. बूट काढायला वाकलो तर गुडघा वाकेना. त्याने ते पाहिलं. मला गंगूबाईचे डोळे दिसत होते. पण शब्द दिला होता.

"बाबा," शमिका म्हणाली, "आजोबा एक पाऊल पुढे गेले असते ना, तर आम्ही सगळे खाली. ते थांबले, कारण सरलं आलं नाही. आलं नाही, कारण ते मागे होते." तिने सॅक उचलून त्याच्यापुढे ठेवली. "हात लावून बघा."

त्याने लावला. माणसांची हाडं जोडणारा हात आहे त्याचा. त्याने बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली. खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. लहानपणी तो सर्जेरावच्या खांद्यावर बसून जत्रेला गेला होता.

मग मागे न वळता म्हणाला, "बस कधीची आहे?"

उद्या संध्याकाळची आहे. साधी. खिडकी उघडणारी. दिनकरही येताहेत. मला वाटलं होतं, ते मागे राहतील. पण सकाळी येऊन म्हणाले, "आता कसं राहणार जी घरी? वाट बघतेत ना ते."

मला तिथे उभं राहून "सरलं" म्हणायचं होतं. एका माणसासाठी. त्याच्या पाठीमागे कोण कोण चालत आलंय, हे मला माहीत नव्हतं. आता खिंडीखाली पोचल्यावर तो शब्द माझ्या तोंडून निघेल का, आणि मी म्हटला तर तो कुठवर मागे जाईल, ते सांगता येत नाही. पण जायचं आहे. बसने जायचं आहे, लोकांसारखं.

सॅक दाराशी रांगेत ठेवल्या आहेत. माझी पुढे, शमिकाची शेवटी. तिच्या सॅकच्या मागे फरशी ओली होते. मीनाक्षी पुसते, पुन्हा होते. चंद्रकांत म्हणाला, कूलरचं पाणी असेल. मग त्यानेच कूलर बंद करून ठेवला. फरशी ओलीच आहे.

मघाशी दिवेलागणीला शमिका बाजारातून आली. मीनाक्षीने दार उघडलं. पोरगी आत आली, चपला काढून स्वयंपाकघरात गेली, तरी मीनाक्षी दार धरून उभीच होती. अंग चोरून, कुणाला आत यायला वाट देतात तशी.

"दार का धरलंस?" मी विचारलं.

"मागून येत होते ना..." ती म्हणाली आणि थांबली.

मी उठून बाहेर गेलो. जिन्यातला दिवा लावला. आमच्या उंबरठ्याखालची पायरी ओली होती. तिच्या खालचीही. तिच्याही खालची. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खालपर्यंत सगळा जिना ओला होता, फाटकापर्यंत, आणि फाटकाबाहेर, दिव्याच्या उजेडात, दिवसभर तापलेला रस्ता झालान्याच्या टेकड्यांकडे जाताना जिथवर दिसतो, तिथवर.

मी आत आलो. दार लावलेलं नाही.